वरून दिसणारी रेघ

आमच्या आजोळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक फोटो येतो. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर भारताचा आकार आणि त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल दिव्यांचे ठिपके. खालचा मजकूर ठरलेला : दिवाळीच्या रात्री अंतराळातून असा दिसतो आपला भारत, फोटो नासाचा. मग पाचसहा नमस्कार, दोनचार तिरंगे आणि एखादं 'अभिमान आहे'. तुमच्याही ग्रुपवर तो आला असणारच.

एका दिवाळीत मला राहवलं नाही. मी ग्रुपवर लांबलचक खुलासा टाकला. हे चित्र दिवाळीचं नाही, कुठल्याच एका रात्रीचं नाही, आणि नेहमीच्या अर्थाने तो फोटोही नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी २००३ साली ते तयार केलं. हवामान टिपणाऱ्या उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या आणि शहरं कशी वाढली हे कळावं म्हणून रंग दिले. १९९२ च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ चे हिरवे, २००३ चे लाल. २०१२ च्या दिवाळीत नासाने स्वतःच हे स्पष्ट केलं होतं. पणत्या आणि आकाशकंदिलांनी जो जादा उजेड पडतो, तो अंतराळातून जाणवण्याइतका नसतो, हेही तेव्हाच सांगितलं होतं.

ग्रुपवर शांतता. कुणी अंगठासुद्धा दाखवला नाही. फक्त मामांचा फोन आला. मामा सीमा सुरक्षा दलातून निवृत्त होऊन आता साताऱ्याकडे शेती बघतात.

"ते खोटं हाय हे कळलं," मामा म्हणाले. "मग खरा फोटू कसा असतोय, ते तरी दाव."

खोटं काय ते मला माहीत होतं. खरं काय, हे मात्र मी कधी शोधलंच नव्हतं.

*

अंतराळातून काढलेला पृथ्वीचा पहिला फोटो माणसाने काढलेला नाही. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून जर्मन बनावटीचं एक व्ही-२ रॉकेट उडालं. युद्धात जिंकलेला माल. त्यात एक फिल्म कॅमेरा बसवला होता. दर दीड सेकंदाला एक फ्रेम. रॉकेट सुमारे १०५ किलोमीटर वर गेलं, खाली आलं आणि जमिनीवर आदळून त्याचा चक्काचूर झाला. फिल्म पोलादी डब्यात होती, म्हणून वाचली. त्या भुरकट फोटोत ढग आहेत, पृथ्वीची किंचित वळलेली कड आहे आणि वर काळं आकाश. पण त्या रॉकेटने काही 'पाहिलं' नव्हतं. ते नुसतं क्लिक करत वर गेलं होतं.

पाहण्याची गोष्ट सुरू होते १९६१ मध्ये. युरी गागारिन एप्रिलमध्ये पृथ्वीभोवती फिरून आले, पण त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता. ऑगस्टमध्ये गेरमान तितोव गेले. वय वर्षं २५. त्यांनी खिडकीतून पृथ्वीचं चित्रण केलं. कक्षेत राहून स्वतःच्या हाताने पृथ्वीची छबी टिपणारा हा पहिला माणूस.

पुढच्या वर्षी, २० फेब्रुवारी १९६२ रोजी, अमेरिकेचे जॉन ग्लेन निघाले. त्यांच्या कॅमेऱ्याची गोष्ट मला फार आवडते. उड्डाणतळाजवळच्या कोको बीच गावात ते केस कापायला गेले होते. तिथल्या एका दुकानात त्यांना अन्स्को कंपनीचा एक छोटा कॅमेरा दिसला. किंमत सुमारे ४० डॉलर. एक्स्पोजर आपोआप जुळवणारा. त्यांनी तो विकत घेतला. अंतराळपोशाखाच्या जाड हातमोज्यांत तो धरता यावा म्हणून नासाच्या तंत्रज्ञांनी तो उलटा केला आणि त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली. अब्जावधींच्या त्या शर्यतीत फोटो काढायला नेलेला कॅमेरा औषधं आणि टूथपेस्ट विकणाऱ्या दुकानातला होता. सहलीला निघताना आपण घेतो तसा.

सुरुवातीला अंतराळवीराच्या डोळ्यांवर कुणाचा फारसा विश्वासही नव्हता. मे १९६३ मध्ये गॉर्डन कूपर यांनी २२ प्रदक्षिणा केल्या. परत येऊन ते म्हणाले, तिबेटमधली घरं मला दिसली, धुराड्यांतून निघणारा धूरही दिसला. अनेक तज्ज्ञांना ते खरं वाटेना. दीडशेहून जास्त किलोमीटरवरून घर कसं दिसेल? दोन वर्षांनी जेमिनी-५ मोहिमेत कूपर पुन्हा वर गेले, तेव्हा टेक्सासमध्ये आणि ऑस्ट्रेलियात जमिनीवर मुद्दाम मोठमोठ्या खुणा आखून ठेवल्या होत्या. वरून त्या ओळखता येतात का, ही नजरेची परीक्षा. आपण चष्म्याच्या दुकानात देतो तशीच, फक्त अक्षरांचा तक्ता शेतांएवढा. निष्कर्ष असा निघाला की वर गेल्यावर माणसाची नजर बिघडत नाही. जमिनीवर असते तशीच राहते.

डोळ्यांना आता कॅमेऱ्याची साथही चांगली मिळू लागली होती. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉली शिरा यांनी ह्यूस्टनच्या एका दुकानातून स्वीडनचा हॅसलब्लाड कॅमेरा घेतला. त्याचं चामडं काढून टाकलं, चमक जावी म्हणून काळा रंग दिला. पुढे चंद्रावर गेले तेही हॅसलब्लाडच. जेमिनी मोहिमांच्या काळात पॉल लोमन या भूगर्भशास्त्रज्ञाने अंतराळवीरांना जमिनीचे फोटो पद्धतशीर काढायला लावले. वाळवंटातल्या घड्या, नद्यांची मुखं, डोंगरांतल्या भेगा. जमिनीवर चालून जे कळायला वर्षं लागली असती, ते एका चौकटीत दिसू लागलं.

सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी-११ मधून पीट कॉनराड आणि डिक गॉर्डन यांनी काढलेला एक फोटो आजही पुस्तकांत दिसतो. उत्तरेकडे पाहताना खाली श्रीलंका, वर भारताचं निमुळतं टोक, डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंगालचा उपसागर. शाळेत स्टेन्सिलने काढलेला नकाशा तसाच्या तसा. फक्त रेघा नाहीत आणि राज्यांचे रंग नाहीत.

हे फोटो पाहूनच अनेकांना वाटलं, की हे काम कायमचं व्हायला हवं. १९७२ च्या जुलैमध्ये अमेरिकेने पृथ्वीची पाहणी करणारा उपग्रह सोडला, पुढे तो लॅन्डसॅट नावाने ओळखला गेला. त्याच्या मुळाशी हातात कॅमेरा धरून खिडकीला नाक लावलेली माणसं होती.

*

आपल्याकडचा माणूस त्या खिडकीशी पोचला १९८४ मध्ये. ३ एप्रिलला राकेश शर्मा सोयुझ टी-११ मधून निघाले आणि सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकात जाऊन राहिले. जवळजवळ आठ दिवसांचा प्रवास. आपल्याला त्यातलं एकच वाक्य आठवतं. इंदिरा गांधींनी विचारलं, वरून भारत कसा दिसतो? शर्मांनी इक्बालच्या कवितेतली ओळ ऐकवली. ती तुम्हाला माहीत आहे, मी लिहायची गरज नाही.

त्यांचं तिथलं एक मुख्य काम मात्र कुणाच्या फारसं लक्षात नाही. ते होतं फोटो काढायचं. 'टेरा' नावाच्या प्रयोगात पूर्व जर्मनीत बनलेल्या एमकेएफ-६एम या कॅमेऱ्याने भारताचे फोटो काढायचे होते. हा कॅमेरा एकाच वेळी वेगवेगळ्या रंगपट्ट्यांत सहा फोटो घेई. जंगल कुठे दाट, कुठे विरळ, पाणी कुठे आहे, खडक कसले, हे त्यातून कळावं असा हेतू होता. आपला स्वतःचा सुदूर संवेदन उपग्रह, आयआरएस-१ए, कक्षेत जायला अजून चार वर्षं होती. म्हणजे 'कसा दिसतो' या प्रश्नाचं एक उत्तर कवितेत होतं आणि दुसरं फिल्मच्या रिळांत.

कवितेचीही एक गंमत आहे. इक्बाल यांनी ती १९०४ मध्ये लिहिली, देश एक असताना. त्यांचा जन्म सियालकोटचा. पुढे तेच पाकिस्तानचे राष्ट्रकवी मानले गेले आणि सियालकोट जिथे गेलं ती बाजू जम्मूच्या सीमेपासून अगदी जवळ, पण पलीकडची. वरून भारत पाहणाऱ्या पहिल्या भारतीयाने भारताचं वर्णन सीमेपलीकडे जन्मलेल्या माणसाच्या शब्दांत केलं. १९८४ मध्ये खिडकीतून पाहिलं असतं, तर सियालकोट आणि जम्मू यांच्यामध्ये काहीच दिसलं नसतं. फक्त शेतं.

ही 'काहीच दिसत नाही' गोष्ट तोवर अंतराळवीरांच्या बोलण्यात रुळली होती. तिची सुरुवात पृथ्वीच्या कक्षेबाहेर झाली. १९६८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी अपोलो-८ मधून बिल अँडर्स यांनी चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली. १९७२ मध्ये अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी सुमारे २९ हजार किलोमीटरवरून पूर्ण उजळलेला निळा गोळा टिपला. मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर होता. छापताना तो उलटा फिरवला, कारण आपल्याला नकाशात उत्तर वर बघायची सवय. इतक्या दूरवरूनही माणसाने आपली सवय सोडली नाही, हे मला त्या फोटोइतकंच महत्त्वाचं वाटतं.

१९८५ मध्ये सौदी राजघराण्यातले सुलतान बिन सलमान डिस्कव्हरी यानातून गेले. त्यांनी सांगितलेला अनुभव असा, की पहिल्या दिवशी आम्ही सगळे आपापला देश बोटाने दाखवत होतो, दोनतीन दिवसांनी आपापला खंड, आणि पाचव्या दिवशी नुसती पृथ्वी. हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? मलाही आवडतं. या विचाराला नावं ठेवायला मी बसलेले नाही. पण मामांना दाखवण्यासाठी खरा फोटो शोधताना मला जे सापडलं, ते वेगळंच होतं.

*

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे मुंबई ते गोवा जितकं, त्याहून थोडं कमी. फक्त वरच्या दिशेने. ते सेकंदाला साडेसात किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने जातं आणि दीड तासात पृथ्वीला वळसा घालतं. दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो, सोळा वेळा मावळतो.

या वेगात दिवसा फोटो काढणं सोपं आहे. रात्री अवघड. अंधारात कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. तुम्ही चालत्या बसमधून रात्री रस्त्यावरच्या दिव्यांचा फोटो काढून बघा, दिव्यांच्या शेपट्या येतात. तिथे तर पाव सेकंदात खालची जमीन पावणेदोन किलोमीटर सरकते.

यावर तोडगा काढला डॉन पेटिट यांनी. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये ते स्थानकात गेले. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान परतताना कोसळलं, कल्पना चावला आणि त्यांचे सहाही साथीदार गेले. शटल यानांची उड्डाणं थांबली आणि पेटिट व त्यांच्या सोबत्यांचा मुक्काम लांबला. त्या मुक्कामात पेटिट यांनी स्थानकात पडलेल्या सुट्या भागांतून आणि एका ड्रिलमधून एक जुगाड उभं केलं. खालची जमीन ज्या वेगाने सरकते, त्याच वेगाने कॅमेरा उलट फिरत राहील असं यंत्र. शहरं एकदम स्पष्ट दिसू लागली. पुढे २०१० मध्ये स्थानकाला 'कुपोला' नावाची सात खिडक्यांची घुमटी जोडली गेली. डिजिटल कॅमेरे कमी उजेडातही चांगले फोटो देऊ लागले आणि रात्रीची पृथ्वी खऱ्या अर्थाने दिसायला लागली.

आणि तिच्यासोबत सीमाही.

बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली. पण २०१३ मध्ये क्रिस हॅडफील्ड यांनी स्थानकातून काढलेल्या फोटोत शहराचे दोन भाग चक्क ओळखू येतात. पूर्वेकडे पिवळसर, पश्चिमेकडे पांढुरका उजेड. दोन्ही बाजूंनी रस्त्यांवर वेगवेगळ्या जातीचे दिवे लावले होते, ते भिंतीनंतरही राहिले. जानेवारी २०१४ मधला कोरियाचा फोटो आणखी बोलका. दक्षिण कोरिया आणि चीन लखलखीत, मध्ये उत्तर कोरियाच्या जागी काळोख. जणू तिथे समुद्रच आहे. त्यात प्योंगयांग हा एवढासा ठिपका.

आणि मग आपला फोटो. २१ ऑगस्ट २०११. स्थानक वायव्येला, तिथून दक्षिण-पूर्वेकडे पाहत काढलेला. जवळ पाकिस्तानातली शहरं, लांबवर दिल्ली. सगळी शहरं पिवळ्या जाळ्यांसारखी पसरलेली. या ठिपक्यांमधून एक नारिंगी रेघ नागमोडी जाते. ती रस्ता नाही, नदी नाही. ती भारत-पाकिस्तान सीमा आहे. २३ सप्टेंबर २०१५ च्या दुसऱ्या एका फोटोत अरबी समुद्रावरून उत्तरेला पाहिलंय. समोर कराची, सिंधूचं खोरं, लांब हिमालयाची बाजू आणि उजवीकडून वर चढत जाणारी तीच रेघ.

नासाच्या वर्णनात लिहिलंय, रात्री दिसणाऱ्या जगातल्या मोजक्या आंतरराष्ट्रीय सीमांपैकी ही एक.

ही रेघ मुळात कागदावरची. भारतात त्यापूर्वी कधी न आलेल्या सिरिल रॅडक्लिफ यांनी पाच आठवड्यांत आखलेली, १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झालेली. कागदावरच्या रेघेतून उजेड येत नाही. पंजाबातल्या दहशतवादाच्या काळात, १९८८ पासून, भारताने तिथे कुंपण घालायला सुरुवात केली. मग राजस्थानात. कुंपणाच्या बाजूने फ्लडलाइट लागले. म्हणजे राकेश शर्मा वर होते तेव्हा ही प्रकाशाची रेघ अस्तित्वातच नव्हती. रॅडक्लिफनंतर चाळीसहून जास्त वर्षांनी ती दिव्यांनी गिरवली गेली.

*

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात पोचले. तिथे राहणारे पहिले भारतीय, राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी. पंतप्रधानांशी बोलताना त्यांनी सांगितलं की नकाशात दिसतो त्यापेक्षा भारत वरून कितीतरी भव्य दिसतो, आणि सीमा कुठे दिसत नाहीत.

त्याच स्थानकातून काढलेल्या फोटोत रेघ आहे. मग कोण खरं?

मला वाटतं, दोघंही. दिवसा पंजाबावरून जाताना हिरवी-पिवळी शेतं सलग दिसतात, गहू कुठल्या देशाचा हे कळत नाही. रात्री, विशिष्ट कोनातून, तयारीच्या कॅमेऱ्याने पाहिलं की दिवे दिसतात. कोण बघतंय, कधी आणि कशाने, यावर काय दिसेल ते ठरतं. चीनच्या भिंतीचं असंच झालं. ती अंतराळातून दिसते असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. २००३ मध्ये चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई परतल्यावर म्हणाले, मला नाही दिसली. पुढच्या वर्षी लिरॉय चियाव यांनी स्थानकातून १८० मिलिमीटरच्या लेन्सने फोटो काढले. त्यांतल्या एकात भिंतीचा तुकडा असल्याचं नंतर तज्ज्ञांनी ओळखलं. भिंत आपल्या फोटोत आली आहे हे काढताना चियाव यांना स्वतःला खात्रीने सांगता येत नव्हतं.

म्हणूनच मला अंतराळवीरांचे हे फोटो उपग्रहांच्या चित्रांपेक्षा वेगळे वाटतात. उपग्रह ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या कोनातून सगळंच टिपतो. माणूस निवडतो. खिडकीशी जातो, थांबतो, वळतो, काहीतरी आवडलं म्हणून बटण दाबतो. शास्त्रज्ञांनाही त्याचा उपयोग होतो. मिलानने रस्त्यांवरचे जुने दिवे काढून पांढरे एलईडी लावले. हा बदल २०१२ आणि २०१५ चे अंतराळवीरांचे फोटो शेजारी ठेवल्यावर सरळ दिसतो. रात्रीचे दिवे मोजणाऱ्या तेव्हाच्या उपग्रहांना उजेड कळत होता, रंग नाही.

माणूस निवडतो म्हणजे कधी नको तेही टिपतो. १९७३-७४ च्या हिवाळ्यात स्कायलॅब स्थानकातल्या तिघांनी नेवाडामधल्या एका गुप्त विमानतळाचा फोटो काढला. हाच तो 'एरिया ५१'. तिथला फोटो काढू नये अशी सूचना होती. पृथ्वीवर आल्यावर सरकारी खात्यांत वाद झाला, की फोटो दाबायचा की बाकीच्यांसोबत प्रसिद्ध करायचा. या वादाचं एप्रिल १९७४ मधलं सीआयएचं टिपण कितीतरी वर्षांनी लोकांसमोर आलं. फोटो मात्र इतर हजारो फोटोंबरोबर सार्वजनिक संग्रहात जाऊन बसला होता.

तो संग्रह आजही उघडा आहे. नासाच्या ह्यूस्टनच्या केंद्राने अंतराळवीरांचे लाखो फोटो ऑनलाइन ठेवलेत, फुकट. प्रत्येकाला नंबर. आधी मोहीम, मग रीळ किंवा डिजिटल कॅमेऱ्याची खूण, मग फ्रेम. सोबत तारीख, वेळ, लेन्स, स्थानक त्या क्षणी कशावर होतं तेही. फॉरवर्ड झालेल्या दिवाळीच्या चित्राजवळ यातलं काहीच नव्हतं. कुणी काढला, कधी, कुठून, कशाने. हे चार प्रश्न विचारायला अंतराळात जावं लागत नाही. फोन हातात असला तरी पुरे.

*

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा २०११ चा फोटो मोबाइलवर घेऊन गेले. मामा ओट्यावर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ.

"ही आमची लाईट," ते म्हणाले. मी काही सांगायच्या आधीच.

मग त्यांनी तारीख विचारली. मी सांगितली. बोटांवर मोजून ते म्हणाले, "अकरा साली ऑगस्टात मी फिरोजपूरलाच हुतो."

आणि ते बोलायला लागले. मामा नोकरीबद्दल फारसं बोलत नाहीत. पावसाळ्यात त्या दिव्यांवर इतके किडे यायचे की सकाळी खांबाखाली त्यांचा ढीग असायचा. माणसाने उजेडात कधी उभं राहायचं नाही, अंधारात उभं राहून उजेडाकडे बघायचं. थंडीत धुकं पडलं की दिव्याचा नुसता पिवळा गोळा व्हायचा, कुंपणसुद्धा दिसायचं नाही आणि त्या रात्री सगळ्यांत वाईट. कुंपण सीमेच्या थोडं अलीकडे आहे, त्यामुळे कित्येक शेतकऱ्यांची जमीन कुंपणापलीकडे, पण भारतातच. सकाळी गेट उघडायचं, ओळखपत्र बघायचं, ट्रॅक्टर तपासायचा, संध्याकाळच्या आत सगळे परत. "माणसं आपलीच, रानं आपलीच," मामा म्हणाले. "तरी रोज तपासायची."

त्यांनी फोटो झूम केला. फिरोजपूर शोधत असावेत. रेघ जाड झाली, मग तिचे चौकोनी ठिपके झाले, मग नुसताच नारिंगी रंग.

"त्या राती मी नाक्यावर हुतो का बराकीत, ते आता कोण सांगणार?" ते म्हणाले. "पर वरनं कुणी बघत हुतं, हे बरं वाटलं."

मी त्यांना विचारलं, वरून सीमा दिसत नाहीत असं सगळे म्हणतात, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी फोन परत दिला. "वरनं काय दिसतंय ते वरच्यांनी सांगावं. आमी तिथं दिवा लावत हुतो."

वरून माणूस दिसत नाही. किडे दिसत नाहीत, ट्रॅक्टर दिसत नाही, गेटवरची रांग दिसत नाही. त्याने लावलेला दिवा तेवढा दिसतो. पण त्या रेघेत हे सगळं आहे, आणि फोटो खरा असल्यामुळेच मामांना ते त्यात सापडलं. दिवाळीच्या त्या रंगीत चित्राकडे बघून ते कधी काही बोलले नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री ग्रुपवर ते चित्र पुन्हा आलंच. नमस्कार झाले, तिरंगे झाले. या खेपेला मी गप्प बसले. दहा मिनिटांनी मामांनी त्याखाली दुसरा फोटो टाकला, नारिंगी रेघेचा. सोबत एवढंच लिहिलं होतं :

'२१ ऑगस्ट २०११. दिवाळी न्हवं. मी फिरोजपूरला.'